पाते कोणते, निसणा कोणता: नैसर्गिक दगड निवडताना

निसणा पोलाद खातो तो त्यातल्या दाण्याच्या जोरावर. अमेरिकेतल्या आर्कान्सा दगडात हा दाणा क्वार्ट्झचा असतो, बेल्जियमच्या पिवळ्या कोटिक्यूलमध्ये गार्नेटचा. क्योटोच्या आसपास निघणाऱ्या जपानी दगडांत पुन्हा क्वार्ट्झच, पण फार बारीक आणि मातीत रुतलेला. दाण्याचा कठीणपणा खाणीतच ठरलेला असतो. म्हणून आधी पाते ओळखायचे, दगड मागाहून.

हिशेब विकर्स या कठीणपणाच्या मापात करू, आकडे ढोबळ आहेत. चांगले पाणी दिलेले पोलाद ७०० च्या आसपास, साध्या कार्बन पोलादातले कार्बाइड (पोलादात विखुरलेले कडक कण) १०००, क्वार्ट्झ ११००, गार्नेट त्याच्या किंचित वर. स्टेनलेसमधले क्रोमियम कार्बाइड १५०० च्या पुढे जाते आणि व्हॅनेडियम कार्बाइड थेट २८०० ला. नैसर्गिक दगड कुठपर्यंत पुरेल, ते या रांगेतच दिसते.

१. पाते ओळखा

लोहचुंबकाने काही कळत नाही. सुऱ्यांचे स्टेनलेसही चुंबकाला चिकटते. त्यापेक्षा लिंबाची फोड पात्यावर फिरवा आणि पाच-दहा मिनिटे थांबा. करडा-निळसर डाग उमटला तर कार्बन पोलाद, पाते तसेच लखलखीत राहिले तर स्टेनलेस. डाग धुऊन पाते लगेच कोरडे करा, नाहीतर गंज धरतो. स्टेनलेसचा नेमका प्रकार बहुधा पात्यावर कोरलेला असतो.

२. जोडी जुळवा

कार्बन पोलादाला (शिरोगामी हे साधे जपानी पोलाद, ५२१०० हे बेअरिंगचे पोलाद, लोहाराने गाडीच्या कमानपट्टीतून घडवलेला कोयता) जवळजवळ कुठलाही नैसर्गिक दगड चालतो. या दगडांची खरी मजा इथेच आहे. आओगामी या दुसऱ्या जपानी कार्बन पोलादात टंगस्टन असल्याने ते जरा सावकाश घासले जाते, एवढेच. मधे कडक पोलाद आणि दोन्ही बाजूंनी मऊ लोखंड अशा जपानी पात्याला गाळ (पाण्यात सुटलेली दगडाची पूड) सोडणारा मऊसर जपानी दगड घ्या: लोखंडावर धुक्यासारखी छटा येते, धारेचा पट्टा वेगळा चमकतो. फार कडक दगड वस्तऱ्यासाठी ठेवा. सुरीच्या रुंद उतारावर तो ओरखडेच काढतो.

स्वयंपाकघरातल्या नेहमीच्या युरोपीय सुऱ्यांचे पोलाद, म्हणजे एक्स ५० सीआर एमओ व्ही १५, मऊ असते. रॉकवेल या दुसऱ्या मापात ५५ ते ५७. त्याला सॉफ्ट आर्कान्सा (त्या दगडाची सच्छिद्र, लवकर कापणारी प्रत) किंवा गाळासकट कोटिक्यूल पुरे. ट्रान्सल्युसंट, म्हणजे सर्वांत घट्ट आर्कान्साच्या फंदात पडू नका. धार आरशासारखी होते, पण टोमॅटोच्या सालीवरून घसरते आणि आठवड्यात बसते.

व्हीजी १० या जपानी स्टेनलेसमध्ये १५ टक्के क्रोमियम आहे. भरड आणि मधले काम १००० नंबरच्या (नंबर जितका मोठा तितका दाणा बारीक) कृत्रिम दगडावर उरका, कोटिक्यूलवर फक्त शेवटचे आठ-दहा हात. त्याच दगडावर अर्धा तास घासत बसलात तर दाणा कार्बाइडवरून घसरतो, भोवतालचे पोलाद तेवढे झिजते आणि धारेच्या टोकाला लोंबणारी पातळ पत्री, कारखान्यात जिला ‘बर’ म्हणतात, ती सुटता सुटत नाही.

एस ३० व्ही (४ टक्के व्हॅनेडियम), एस ९० व्ही (९ टक्के), एम ३९० या व्हॅनेडियमवाल्या स्टेनलेस पोलादांसाठी नैसर्गिक दगड घेऊच नका. कुरुंदसुद्धा व्हॅनेडियम कार्बाइडपुढे मऊ पडतो. तिथे हिऱ्याची प्लेट लागते.

भरड कामासाठीही नैसर्गिक दगड शोधण्यात अर्थ नाही. खांडे पडलेले पाते सरळ करायला स्वस्तातला कृत्रिम दगड कितीतरी लवकर काम देतो.

३. दगड पारखा

आर्कान्साचा रंग फसवा असतो. सगळा माल नोव्हॅक्युलाइट, म्हणजे क्वार्ट्झच. प्रत ठरते घनतेवरून. पट्टी आणि स्वयंपाकघरातला वजनकाटा घ्या. २० × ५ × २.५ सेंटिमीटरचा दगड म्हणजे २५० घन सेंटिमीटर. तो कोरडा ५६० ग्रॅम भरला तर घनता २.२४: सॉफ्ट, भराभर कापणारा. ६४० ग्रॅम भरला तर २.५६: अगदी घट्ट, फक्त शेवटचा हात फिरवायला. विकणाऱ्याने चिठ्ठी काहीही लावो, काट्याचे ऐका. तेल मुरलेला जुना दगड मात्र जास्त भरतो, हे धरून चाला.

जपानी दगड ओला करून वाळू द्या. पृष्ठभाग सुकल्यावरही जी रेघ ओली राहते ती चीर. रंगीत रेघ दिसली तर तिच्यावर नख आडवे ओढा; नख अडकले तर ती पाते ओरबाडणार. हे दगड भिजत घालू नयेत, थरांतून उकलतात. म्हणून त्यांच्या कडांना लाखेसारखा लेप देतात. जपानमध्ये त्यासाठी काजूच्या टरफलाच्या तेलापासून केलेले रोगणही वापरतात. कोकणात लाकडाला काजूचे तेल चोपडणाऱ्यांना त्याचे नवल वाटायचे नाही.

४. सपाट करा

नवा दगडही सपाट असेलच असे नाही. पृष्ठभागावर पेन्सिलीने जाळी काढा, जाड काचेवर २२० चा वॉटर पेपर ओला करून चिकटवा आणि जाळी पुसली जाईपर्यंत घासा. मग ४०० वर एक हात. घट्ट आर्कान्सा कागदाला दाद देत नाही. त्याला काचेवर सुटी सिलिकॉन कार्बाइड पूड आणि भरपूर वेळ लागतो.

५. कोटिक्यूलवर धार

दगडावर चमचाभर पाणी घ्या. त्याच दगडाचा लहान तुकडा गोल फिरवत राहा, पातळ ताकासारखा गाळ येईल. त्यात ५ ते १५ मायक्रॉनचे गार्नेट असतात, कापतात ते तेच. ४५ मिलिमीटर रुंद पात्याचा कणा दगडापासून सुमारे १२ मिलिमीटर उचलला की १५ अंश होतात, १५ मिलिमीटरला जवळपास २०. कडक जपानी पात्याला पहिला कोन, मऊ स्टेनलेसला दुसरा.

एका बाजूने २० हात, मग दुसऱ्या बाजूने २०. गाळ काळपट झाला म्हणजे पोलाद निघते आहे. मग दर पाच हातांनी दोन थेंब पाणी घालत गाळ पातळ करत न्या; शेवटचे हात स्वच्छ पाण्यावर, वजन न देता, बाजू बदलत. दाट गाळावरच थांबलात तर सुटे दाणे धारेच्या टोकावर आपटून तिला गोल करतात. ‘एवढे घासले तरी कापत नाही’ या तक्रारीमागे बहुधा हेच असते.

आर्कान्साला शिवणयंत्राचे तेल किंवा औषधाच्या दुकानातले लिक्विड पॅराफिन चालते. गोडे तेल नको, ते चिकट होऊन दगड बुजवते. चमक मारलेला, न कापणारा दगड साबण आणि ताठ ब्रशने घासा.

विळीचे पाते पाटाला जडलेले, त्यामुळे तिथे सगळे उलटे: दगड पात्याकडे न्यायचा. हाताएवढा सॉफ्ट आर्कान्सा किंवा कोटिक्यूलचा तुकडा ओला करून पात्याच्या बाकाबरोबर वरून खाली, कण्याकडून धारेकडे नव्हे, धारेकडून कण्याकडे ओढा. हात घसरला तरी बोटे धारेपासून लांब जातात. काळ्या पायरीवर विळी घासण्यात फारसे हशील नाही. आपल्या बेसाल्टमध्ये क्वार्ट्झ जवळपास नसतो, त्याचा दाणा कडक पोलादाच्या बरोबरीचाच. त्यापेक्षा उपड्या कपाच्या बुडाची खरबरीत, चकाकी न दिलेली कड बरी.