कोकणातल्या घरात वाइन ठेवायची तर

आधीच सांगतो, तळघर खणू नका. आमचं घर गुहागरकडे, जागा भरपूर, खाली जांभा, मलाही वाटलेलं की मस्त दहा पायऱ्या उतरून सेलर करूया. पण फ्रान्समधलं तळघर १२-१३ डिग्रीला राहतं कारण तिथल्या जमिनीचं वर्षभराचं सरासरी तापमानच साधारण तेवढं, आपल्याकडे तीच सरासरी २६-२७ च्या आसपास, म्हणजे कितीही खाली गेलात तरी तेवढंच मिळणार. वर आषाढात विहीर काठोकाठ भरली की सेलरमध्येपण पाणी.

आणि एवढं मोठं सेलर लागतंय कोणाला? वीस वर्षं ठेवून उघडायची वाइन अजून बनते, पण बरेच तरुण वाइनमेकर वेगळंच करतायत. हलकी रेड, लाकडाच्या पिंपाचा वास कमी, थोडी गार करून प्यायची. जॉर्जियात जमिनीत पुरलेल्या मातीच्या रांजणात वाइन करतात, क्वेवरी म्हणतात त्याला, २०१३ मध्ये युनेस्कोच्या वारसा यादीतपण आली ती पद्धत, आणि आता इतर देशातली पोरंसुद्धा तसले रांजण वापरायला लागलीत. आपल्या नाशिकच्या बाटल्याही बहुतेक एक-दोन वर्षांत संपवायच्याच. त्यामुळे घरातलं सेलर म्हणजे आता अंधारी कोठी नाही, स्वयंपाकघरातलं २०-२४ बाटल्यांचं कपाट पुरतं.

फक्त एक गोची आहे. यातल्या बऱ्याच वाइनमध्ये सल्फाइट (वाइन टिकावी म्हणून घालतात ते) कमी घालतात, म्हणून उष्णता त्यांना अजिबात सोसत नाही. कपाट छोटं चालेल, पण गार हवं.

त्यासाठी वाइन कूलर, म्हणजे बाटल्यांसाठीचा छोटा फ्रिज, घेताना कॉम्प्रेसरवालाच घ्या. स्वस्तात मिळतो तो थर्मोइलेक्ट्रिक, म्हणजे कॉम्प्रेसर नसलेला, आवाज नाही, दिसायला छान, पण तो बाहेरच्यापेक्षा १०-१५ डिग्रीच खाली नेतो, म्हणजे मे महिन्यात खोलीत ३४ असेल तर आत २० च्या आसपास, झालं मग. १२-१४ वर लावून ठेवा. मागे हवा खेळायला चार बोटं तरी जागा सोडा, स्टॅबिलायझर लावा, आणि समुद्राजवळ घर असेल तर मागची जाळी अधूनमधून कोरड्या ब्रशने झाडा (प्लग काढून बरं का), खाऱ्या वाऱ्याने गंज धरतोच.

कूलर नसेल तर? माळ्यावर तर चुकूनही नको. मी एकदा नाशिकहून आणलेल्या सहा बाटल्या चैत्रात माळ्यावर ठेवल्या, कौलांखाली, विसरलो. जूनमध्ये काढल्या तर दोघींचं बूच अर्धा सेंटिमीटर वर आलेलं, मानेवर चिकट ओघळ, त्याला मुंग्या. रेड उघडली तर चव आमसूल साखरेत उकळल्यासारखी. माजघरातलं भिंतीतलं फडताळ त्यातल्या त्यात बरं, उजेड नाही, जांभ्याची जाड भिंत, पण तिथेही दोन-तीन आठवडेच, तेसुद्धा थंडीत. नाहीतर सरळ घरच्या फ्रिजमध्ये ठेवा, काही महिने काही होत नाही.

बूचवाली आडवी ठेवायची म्हणजे बूच ओलं राहतं. स्क्रू कॅपवाली उभी केली तरी चालते, आणि हल्ली आपल्याकडे तीच जास्त दिसते. पेटनॅट म्हणजे आंबणं पुरतं संपायच्या आत बाटलीत भरलेली वाइन, उरलेलं आंबणं बाटलीतच होतं, त्यामुळे आत गॅसचा दाब असतो, ती उभीच आणि गार ठेवा. उघडताना चांगली गार करून बेसिनवर उघडा, उकाड्यात तशीच उघडलीत तर अर्धी भिंतीवर.

पावसाळ्यात लेबलला बुरशी येणार, घाबरू नका, दमटपणा लेबल खातो, वाइनला काही करत नाही. क्लिंग फिल्म गुंडाळा आणि आणल्याची तारीख मार्करने बाटलीवर लिहा.

लाइट गेली तर कूलरचं दार उघडायचं नाही, भरलेला असेल तर गारवा बराच वेळ टिकतो. आमच्याकडे गणपती बसले की विसर्जनापर्यंत कूलरला कुलूप आणि किल्ली आईकडे. वर्षभरात आतलं तापमान सगळ्यात स्थिर त्याच दिवसांत असतं.