काम ओल्या मातीत असतानाच दाखवा, आणि ते आलं कुठून तेही सांगा

ठाण्यात, नवी मुंबईत शिल्पकाम करणारे आपण बरेच जण घरच्या बाल्कनीत नाहीतर वागळे इस्टेटमधल्या एखाद्या गाळ्यात एकेकटे राबत असतो आणि दाखवतो कधी, तर कास्टिंग होऊन, म्हणजे मातीवरून साचा काढून त्यात फायबर भरून, रंग-पॉलिश झाल्यावर. तेव्हा समोरचा मस्त म्हणतो, दुसरं काय म्हणणार, फायबरमध्ये गेलेला खांदा आता कोण खाली उतरवणार! म्हणून पहिलं सांगणं हेच की काम मातीत असतानाच दाखवा. माझ्या एका हेडमध्ये, म्हणजे मातीच्या डोक्यात, डावा कान उजव्यापेक्षा बोटभर मागे गेला होता, तीन आठवडे रोज बघूनही मला दिसला नाही, मित्र आला, स्टुलावर चढून वरून बघितलं आणि दोन मिनिटांत सांगितलं.

कुणी येईपर्यंत माती टिकवायची तर ओलं फडकं आणि त्यावर प्लास्टिक, पण फडकं नाका-ओठांवर थेट टाकू नका, आधी चार काड्या टोचून तंबूसारखं करा. मे महिन्यात दिवसातून दोनदा तरी फडकं भिजवावं लागतं, पावसाळ्यात एवढं नाही.

येणं जमत नसेल तर फोटो. ट्यूबलाइट बंद, फ्लॅश तर नकोच, एकाच खिडकीचा बाजूने येणारा उजेड घ्या, समोरून उजेड पडला की सगळे उतार सपाट होतात. मोबाइल जवळ नेलात तर नाक मोठं दिसतं आणि कान मागे पळतात, म्हणून सात-आठ फूट मागे जाऊन झूम करा, लेन्स चेहऱ्याच्याच उंचीवर. मग टर्नटेबल, म्हणजे काम ठेवायचा फिरता पाट, थोडं थोडं फिरवत ८ फोटो, पाठीचासुद्धा. आर्मेचरचा, म्हणजे मातीच्या आतल्या तारेच्या सांगाड्याचा फोटो काढला असेल तर तोही द्या, कारण पायच जर तारेत चुकला असेल तर वर कितीही माती थापा, उभं राहणार नाही. आणि कसं वाटतंय असं विचारू नका, मान वळलेली पटते का असं विचारा.

आता कुठून आलं ते. यात आपण फार मोघम बोलतो, निसर्गातून प्रेरणा मिळाली वगैरे, त्याचा दुसऱ्याला काडीचा उपयोग नाही. नेमकी जागा सांगा. अंबरनाथचं शिवमंदिर शिलाहारांच्या काळातलं, १०६० सालचं, ठाण्याहून लोकलने जाता येतं. तिथे बाहेरच्या भिंतीवरच्या मूर्ती बऱ्याच झिजल्यात, तरी कंबरेतला बाक अजून कळतो, म्हंजे बारकावे गेले तरी काय उरतं ते समोर दिसतं. सकाळी लवकर किंवा चारनंतर जा, ऊन तिरकं हवं, आणि फोटोआधी वहीत काढा. घारापुरीला सोमवार सोडून जा, लेणी त्या दिवशी बंद असतात. तिथे त्रिमूर्तीसमोर सगळे थांबतात, पण बाजूच्या अर्धनारीश्वराकडे वेळ द्या, एकाच शरीरात दोन कंबरा कशा जुळवल्यात ते बघत मी तासभर उभा होतो.

अलिबागकडे मांडव्याच्या बाजूला सासवण्याला शिल्पकार विनायक करमरकरांचं घर आहे, आता संग्रहालय. १९२८ साली पुण्यात बसवलेला शिवरायांचा अश्वारूढ पुतळा त्यांचा, पण सासवण्याला गावातली साधी माणसं, जनावरं बघा. ती बघून आल्यावर मी वाशीच्या मार्केटला जायला लागलो. माथाडी पाठीवर पोतं घेतो तेव्हा मान पुढे येते, पाठ नुसती वाकत नाही तर एका बाजूला कलते आणि वजन सगळं एकाच टाचेवर जातं, हे पुस्तकातल्या अ‍ॅनाटॉमीत मला कधी दिसलं नव्हतं. मी आता जे बसकं शिल्प करतोय ते त्या टाचेतून आलंय आणि फोटो पाठवताना हे एक वाक्य लिहिलं की मित्रही आधी टाचच बघतात.

फक्त तिथे आधी विचारा, दादा, जरा चित्र काढू का, आणि माल उतरायच्या वेळी वाटेत उभे राहू नका. चहाच्या वेळी ते स्वतःच वही मागून बघतात, पोतं चुकीचं धरलेलं असेल तर लगेच सांगतात, ते लिहून घ्या.