हॉस्पिस बघायला गेलात तर आधी पेशंटची टाच बघा

डॉक्टरांनी "आता घरी न्या, सेवा करा" असं सांगितलं की घरातली माणसं दोन-तीन दिवस सुन्न असतात. मग फोनाफोनी सुरू होते. त्यातले बरेच फोन माझ्याकडं येतात, कारण नोकरीची बहुतेक वर्षं मी कॅन्सर वॉर्डात काढली आणि रिटायर होऊनही कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत मला कुणी नावानं हाक मारत नाही, सिस्टरच म्हणतात. विचारणं सगळ्यांचं एकच: "सिस्टर, चांगलं ठिकाण कुठलं?" मी नाव सांगत नाही. आज एखादं ठिकाण तिथल्या दोन चांगल्या नर्समुळं चांगलं असतं, त्या सोडून गेल्या की पाटी तीच राहते आणि आतलं सगळं बदलतं. त्यापेक्षा हॉस्पिस बघायचं कसं ते सांगते.

आधी समोरचा नक्की काय देतोय ते समजून घ्या. 'होम केअर' म्हणून जाहिरात असते ती बहुतेकदा ब्युरोची. बारा तासांची नाहीतर चोवीस तासांची मावशी पाठवतात. ती अंग पुसेल, डायपर बदलेल, भरवेल. वेदनेचं औषध किती वाढवायचं हे तिला विचारू नका, ते तिचं काम नाही. काही वृद्धाश्रम 'अंथरुणावरचे पेशंट घेतो' म्हणतात. तिथं जेवण आणि स्वच्छता मिळते, डॉक्टर अधूनमधून फेरी मारतात. आणि मोठं हॉस्पिटल असतं, जिथं शेवटच्या आठवड्यातही रोज सकाळी रक्त काढायला येतात. हॉस्पिस यातलं कुठलंच नाही. आजार आता बरा होणार नाही हे धरून चालायचं आणि वेदना, धाप, उलट्या, जखमा, झोप, भीती यांच्यावर मात्र कसून उपचार करायचे, घरच्यांनाही सांभाळायचं, हे हॉस्पिसचं काम. मग ते इमारतीत असो किंवा घरी येणारी टीम असो. देशातलं पहिलं हॉस्पिस मुंबईत वांद्र्याला निघालं, शांती अवेदना सदन, १९८६ साली. पुण्यात वारज्याला १९९७ पासून सिप्लाचं केंद्र आहे, तिथं पेशंटला पैसे पडत नाहीत. कोल्हापुरातून हायवेनं सरळ जाता येतं. पेशंटला तिथं ठेवायचं नसलं तरी घरातल्या एकानं जाऊन बघून यावं. चांगलं काय असतं ते एकदा बघितलं की नंतर कुणी तुम्हाला सहज गुंडाळू शकत नाही.

फोनवरचा पहिला प्रश्न

"तुमच्याकडं मॉर्फिनच्या गोळ्या असतात का?" एवढंच विचारा. खोल्या किती, एसी आहे का, हे नंतर.

कॅन्सरच्या जबर वेदनेवर मॉर्फिनची साधी गोळी हे जुनं, स्वस्त आणि खात्रीचं औषध आहे. पण १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्यामुळं ती ठेवणं इतकं किचकट झालं होतं, की पुष्कळ डॉक्टरांनी नादच सोडला. २०१४ मध्ये कायदा बदलला. आता मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्था म्हणून नोंद करून घेतली की परवान्यांची पूर्वीची माळ लागत नाही. त्यामुळं "परवाना मिळत नाही हो" एवढ्यावर गप्प बसू नका. "मग तुमच्या पेशंटना मॉर्फिन लागलं तर कुठून आणता?" असं पुढचं विचारा. जवळच्या मान्यता असलेल्या हॉस्पिटलशी त्यांचं काही ठरलेलं असेल तर तेही चालेल. ठरलेलंच नसेल तर मग ते वेदनेचं करतात काय?

"असतात" म्हणाले, तर कशी देता विचारा. बरोबर उत्तर असं असतं: तोंडानं, घड्याळ लावून, साध्या गोळीला दर चार तासांनी, आणि मधेच कळ आली तर जादाचा डोस लिहून ठेवलेला असतो. "दुखलं की देतो" हे उत्तर कच्चं. दुखणं डोक्यावर चढून बसल्यावर ते उतरवायला जास्त औषध लागतं, आणि पेशंटही पुढच्या कळेच्या धास्तीनं आखडून पडतो. मग हळूच विचारा, "त्याबरोबर पोट साफ व्हायचं औषध देता का?" मॉर्फिननं पोट धरतंच. ज्यानं पहिल्याच चिठ्ठीवर रेचक लिहिलं तो डॉक्टर यातला जाणकार समजा. माझ्या मते अख्ख्या मुलाखतीत यापेक्षा चांगली परीक्षा नाही.

"मॉर्फिन? छे, ते एकदम शेवटी" असं कुणी म्हणालं तर नमस्कार करून फोन ठेवा. वेदनेसाठी मोजून, हळूहळू वाढवत दिलेल्या मॉर्फिननं माणूस सहसा व्यसनी होत नाही आणि लवकर जातही नाही. कागल भागातले एक आबा मला आठवतात. आले तेव्हा गुडघे पोटाशी घेऊन, भिंतीकडं तोंड करून पडलेले, कुणाशी बोलणं नाही. डोस बसल्यावर उठून बसले आणि पांढरा रस्सा मागितला. सुनेनं डब्यातून आणला. दोन चमचे घेऊन आबा तिला म्हणाले, "मिरं कमी पडलंय बघ." सून बाहेर व्हरांड्यात येऊन रडली आणि हसलीही.

प्रत्यक्ष जाल तेव्हा

रविवारी दुपारी जा. सोमवारी सकाळी सगळं चकाचक असतं, मोठे डॉक्टरही असतात. रविवारी जेवणानंतर कोण आणि किती जण हजर असतात, ती खरी संख्या.

आत गेल्यावर पेशंटची टाच बघा. पाय बहुतेक चादरीबाहेरच असतात, त्यामुळं कुणाचं पांघरूण ओढावं लागत नाही. अंथरुणाची जखम माकडहाडावर, खुब्यावर आणि टाचेवर होते. पहिल्या दोन जागा परक्याला कोण दाखवणार? टाच दिसते. पोटरीखाली उशी आणि टाच अधांतरी, असं दिसलं तर तिथं कुणीतरी डोकं वापरतंय. टाच गादीत रुतलेली, तिच्यावर लालसर किंवा आपल्या सावळ्या कातडीवर काळपट-निळसर डाग, तर मग दोन तासांनी कूस बदलणं कागदावरच चाललंय. टाचेखाली पाणी भरलेला हातमोजा ठेवायची खोड आपल्याकडं अजून आहे, त्याचा उपयोग नाही. हवेची गादी असेल तर तिचा पंप चालू आहे का ते बघा. आणि गादी आहे म्हणून कूस बदलणं थांबत नाही, हे त्यांच्या तोंडून ऐका.

खाटेच्या पायथ्याला कूस बदलल्याचा तक्ता लटकलेला असतो. दुपारी तीनला गेलात आणि त्यात संध्याकाळी सहाचा रकाना भरलेला दिसला, तर पुढं काही विचारायची गरज नाही. तक्त्यावर वेदनेचा आकडा लिहिलाय का तेही बघा. शून्य म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे सहन न होणारी. बीपी आणि ताप सगळेच लिहितात, वेदना किती हे विचारून लिहिणारे कमी.

पेशंटचे ओठ कोरडे फुटलेत का, जिभेवर पांढरा थर आहे का, पाण्याचा पेला हाताला येईल असा आहे का, लघवीची पिशवी जमिनीवर तर लोळत नाही ना. हे सगळं चालता चालता दिसतं. भिंतीवरच्या सर्टिफिकेटांपुढं मात्र उगाच वेळ घालवू नका. एवढं विचारा, की इथल्या डॉक्टरांनी आणि नर्सनी पॅलिएटिव्हचं, म्हणजे बरा न होणाऱ्या आजारातला त्रास कमी करण्याचं, शिक्षण कुठं घेतलं. एमडी असतील तर उत्तमच, पण चांगल्या केंद्रावर राहून शिकून आलेला साधा एमबीबीएसही पुष्कळ काम करतो.

अवघड प्रश्न विचारा, लाजू नका

जखमेला वास येत असेल तर काय करता? तोंडाच्या कॅन्सरचे पेशंट आपल्या भागात कमी नाहीत, तंबाखू आणि माव्याची कृपा. त्या जखमेच्या वासानं नातवंडं खोलीत यायची बंद होतात आणि ते पेशंटला कळतं. मेट्रोनिडाझोलची गोळी कुटून ती पूड जखमेवर घालतात, ड्रेसिंग बदलायची वेळ ठरवतात, असं उत्तर आलं पाहिजे. "रूम फ्रेशनर मारतो" हे उत्तर नव्हे. हसू नका, मी हे कानानं ऐकलंय.

शेवटी घशात घरघर लागली तर? कुशीवर वळवतो, घशातलं पाणी कमी करायचं इंजेक्शन देतो, आणि घरच्यांना जवळ बसवून सांगतो की हा आवाज आपल्याला जितका भयंकर वाटतो तितका त्रास पेशंटला होत नसतो. दर तासाला नळी घालून ओढत बसणारी माणसं नकोत.

खाणं सुटलं तर? इथं भांडण बहुतेक घरच्यांशीच असतं. "सलाईन तरी लावा, उपाशी कसं मारायचं?" असं म्हणणारा एक पाहुणा प्रत्येक घरात असतो. चांगला डॉक्टर त्या पाहुण्याला खुर्ची देऊन समजावतो, की शरीर आवरतं घेत असताना भूक आपोआप जाते आणि जादा पाणी फुप्फुसात, पायांत साठतं. जो पटकन सलाईन लावून बिलात एक ओळ वाढवतो, त्याचं मला पटत नाही.

आणि पेशंटला काय सांगता? "आण्णांना काही सांगू नका" अशी गळ आपण सगळेच घालतो. जे लगेच मान डोलावतात ते सोयीचे वाटतात, पण चांगली माणसं उलट विचारतात: "आण्णांनी स्वतः विचारलं तर?" त्यांना खोटं बोलायचं नसतं आणि तोंडावर आदळायचंही नसतं. आण्णांना किती ऐकायचंय याचा अंदाज घेत ते बोलतात. जमिनीच्या वाटण्या, धाकटीचं लग्न, भावाशी धरलेला अबोला, हे अशा बोलण्यातूनच सुटतं.

घरी येणारी टीम असेल तर

नंबर देतात तो रात्री उचलतात का, ते नाव नोंदवायच्या आधी बघा. रात्री साडेदहाला एखादी साधी शंका विचारायला फोन करा. उचलणारा वॉचमन आहे की नर्स? तुमचा पेशंट कोण हे तिच्यापुढं लिहिलेलं असणार आहे का? रात्रीचा प्रत्येक प्रश्न "अॅम्ब्युलन्स बोलवा आणि अॅडमिट करा" इथंच संपत असेल, तर ती टीम फक्त दिवसाची आहे. सोबत काय ठेवून जातात तेही विचारा. मधल्या कळेचा डोस, उलटीचं, घाबरेपणाचं आणि झटक्याचं औषध, प्रत्येकावर मराठीत मोठ्या अक्षरात कधी द्यायचं ते लिहिलेलं, अशी पेटी घरात असली की निम्मे फोन लागतच नाहीत. कातडीवर लावायचा फेन्टानिल या वेदनेच्या औषधाचा पॅच दिला आणि "त्याच्यावर शेक देऊ नका" हे न विचारता सांगितलं, तर ती नर्स तयारीची.

आपल्याकडं आणखी एक विचारायलाच हवं: पुरात काय करता? २०१९ च्या ऑगस्टमध्ये शिरोलीला हायवेवर पाणी आलं आणि कोल्हापूरचा संबंध तुटला होता, २०२१ च्या जुलैत पुन्हा तेच. पंचगंगेनं इशारा पातळी गाठली की शिरोळ, करवीरच्या किती गावांत गाडी जात नाही हे तुम्हाला माहीत आहे. ज्यांनी विचार केलाय ते म्हणतात, पावसाळ्यात आम्ही पुढच्या दिवसांचा साठा आधीच देतो, व्हिडिओ कॉलवर बघतो, तुमच्या गावातल्या डॉक्टरांशी बोलून ठेवतो. ऑक्सिजनचं मशीन विजेवर चालतं, लाईट गेली तर काय, तेही तेव्हाच विचारा. तसंही धाप प्रत्येक वेळी ऑक्सिजननंच कमी होते असं नाही. तोंडावर वारा येईल असा छोटा पंखा आणि मॉर्फिनचा अगदी लहान डोस, एवढ्यानं पुष्कळांना आराम पडतो.

पैसे आणि कागद

रोजचा दर सांगतात त्यात डायपर, ड्रेसिंग, औषधं, डॉक्टरांची फेरी धरली आहे का ते लिहून घ्या. डिपॉझिट परत कधी, आणि पेशंट दोन दिवसांत गेला तर हिशोब कसा, हे विचारताना जीभ अडखळते, पण विचारा. फुकट ठिकाण म्हणजे हलकं ठिकाण, हा समज काढून टाका. या क्षेत्रातली काही उत्तम केंद्रं देणग्यांवरच चालतात. पेशंटला बरं वाटलं तर घरी नेता येतं का, पुन्हा आणलं तर जागा मिळते का, हेही कळून घ्या. चांगली केंद्रं स्वतःहून घरी पाठवतात.

पेशंट शुद्धीत असेल आणि शेवटी व्हेंटिलेटर नको असं त्याचं ठरलेलं असेल, तर ते लिहून ठेवता येतं. सुप्रीम कोर्टानं २०१८ मध्ये याला मान्यता दिली आणि २०२३ मध्ये पद्धत सोपी केली. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरेसा होतो. हा कागद दाखवल्यावर समोरचे गोंधळले, तर त्यांच्यासाठी हे नवीन आहे असं समजा.

राहिला मृत्यूचा दाखला. घरी मृत्यू झाला तर मृत्यूच्या कारणाचा चार-अ नमुना उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी द्यायचा असतो, आणि नोंद एकवीस दिवसांत करायची असते. पहाटे तीनला माणूस गेला तर तुमचे डॉक्टर येऊन सही देणार का, हे आधी ठरवा. नाहीतर पै-पाहुणे दारात, गाडी उभी, आणि थोरला मुलगा दाखल्यासाठी गावभर डॉक्टर शोधत फिरतो. पेशंट पलीकडच्या खोलीत असताना मुलांच्या तोंडून हा प्रश्न निघत नाही. जावयाला नाहीतर शेजारच्या एखाद्या जाणत्या माणसाला सोबत न्या आणि त्याला विचारायला लावा.