ॲप म्हणतं ‘ऑनलाइन’, पण मोटर ढिम्म: सिमवाला कंट्रोलर क्लाउडला जोडताना या चुका टाळा

विहिरीवरच्या मोटरला सिमकार्डवाला कंट्रोलर बसवला, तो क्लाउडला, म्हणजे इंटरनेटवरच्या सर्व्हरला जोडला, की घरबसल्या मोबाईलवरून पाणी चालू-बंद. चार दिवस झकास चालतं. पाचव्या दिवशी ॲपमध्ये हिरवा ठिपका दिसतो, पण बटण दाबून काही होत नाही. मग सगळं खापर टॉवरवर. माझ्या अनुभवात टॉवर बहुतेक वेळा निर्दोष सुटतो.

खरी गोम अशी, की एकदा झालेली जोडणी टिकूनच आहे असं आपण धरून चालतो. मोबाईल कंपनी प्रत्येक सिमला स्वतंत्र सार्वजनिक आयपी पत्ता (इंटरनेटवरचा ओळख क्रमांक) सहसा देत नाही. असंख्य ग्राहक एकाच पत्त्याआड बसवलेले असतात. कंट्रोलरला मिळालेला पत्ता १०.ने किंवा १००.६४ ते १००.१२७ यातल्या आकड्यांनी सुरू होत असेल, तर तुम्हीही त्याच गर्दीत आहात. क्लाउडला बाहेरून थेट आत शिरता येत नाही, हाक कंट्रोलरनेच द्यायची. बरं, दिली हाक, जुळली जोडणी. पण काही मिनिटं दोन्हीकडून शांतता राहिली की नेटवर्क आपल्या वहीतली ती नोंद गुपचूप खोडतं. सर्व्हरला वाटतं यंत्र आहे, यंत्राला वाटतं सर्व्हर आहे. मधला दोर कधीच तुटलेला!

यंत्र आणि सर्व्हर यांच्यातल्या निरोपांसाठी एमक्यूटीटी ही पद्धत वापरत असाल तर ‘कीप-अलाइव्ह’चा, म्हणजे बोलायचं काही नसलं तरी किती वेळाने ‘मी आहे’ कळवायचं याचा, आकडा आधी बघा. ठरवलेल्या वेळेच्या दीडपट थांबल्यावरच सर्व्हर यंत्राला मृत समजतो. म्हणजे २० मिनिटं ठेवलीत, तर हिरवा ठिपका अर्धा तास खोटं बोलू शकतो. मी चार-पाच मिनिटांपासून सुरुवात करतो आणि तुटत राहिलं तर कमी करत जातो. दहा सेकंदांवर मात्र नेऊ नका. डेटा जातो, आणि यंत्र बॅटरीवर असेल तर बॅटरीही. आणि तो ठिपका काढून टाका, त्याजागी ‘शेवटचा निरोप किती वाजता आला’ ते दाखवा.

आता धोक्याची चूक. रेंज नसताना दिलेला ‘चालू’ हा हुकूम रांगेत पडून राहतो आणि तीन तासांनी पोचतो. तेव्हा कुणी मोटर उघडून बसलेलं असलं तर? प्रत्येक हुकमावर वेळ घाला, दोन मिनिटांपेक्षा जुना असेल तर कंट्रोलरने तो फेकून द्यावा. शिवाय एमक्यूटीटीच्या ‘क्यूओएस १’मध्ये (निरोप किमान एकदा पोचवायची हमी) एकच निरोप दोनदा येऊ शकतो. ‘असेल त्याच्या उलट कर’ असा हुकूम ठेवलात, तर मोटर चालू होऊन लगेच बंद पडेल. ‘चालू कर’ आणि ‘बंद कर’ वेगळेच हवेत.

आपल्याकडे शेतीची लाईट पाळीने येते. थ्री-फेज आली की फीडरवरचे सगळे कंट्रोलर एकाच क्षणी जागे होऊन सर्व्हरवर तुटून पडतात. प्रत्येकाला थोडी वेगवेगळी, यादृच्छिक वाट पाहायला लावा. जोडणी फसली तर पुढची वाट दुप्पट करा.

लाईट गेल्यावर काही मॉड्यूलचं (कंट्रोलरमधल्या सिम चालवणाऱ्या भागाचं) घड्याळही मागे जातं, थेट १९७० किंवा २००० सालात. मग सर्व्हरचं प्रमाणपत्र (त्याची मुदत घातलेली डिजिटल ओळख) ‘अजून सुरूच झालेलं नाही’ असं समजून कंट्रोलर जोडणी नाकारतो. आधी नेटवर्ककडून वेळ घ्या, मगच सुरक्षित जोडणी करा.

एवढं करूनही अडलं, तर खालून वर तपासा. मॉड्यूलला सिग्नल विचारणाऱ्या ‘एटी+सीएसक्यू’ या आदेशाला ९९ आलं तर सिग्नल मोजताच आलेला नाही, दहाच्या खाली असेल तर तो कमजोर. ४जी मॉड्यूलला नोंदणी विचारणाऱ्या ‘एटी+सीईरेग’च्या उत्तरातला दुसरा आकडा १ किंवा ५ असावा, ३ म्हणजे नेटवर्कने नोंदणी नाकारली, तेव्हा सिम आणि प्लॅन बघा. नंतर एपीएन, म्हणजे सिमला इंटरनेटवर नेणाऱ्या मार्गाचं नाव, बघा. फक्त २जीवर चालणाऱ्या मॉड्यूलमध्ये जिओचं सिम घातलं असेल तर पुढे तपासूच नका, जिओचं २जी नाहीच. २जी मॉड्यूल डेटा पाठवताना क्षणभर दोन अँपिअरपर्यंत ओढतं. सप्लाय कमजोर असेल तर ते नेमकं तेव्हाच रीसेट होतं.

एका ठिकाणी मी दोन दिवस सर्व्हरचे लॉग चाळले. शेवटी स्टार्टरची लोखंडी पेटी उघडली, तर अँटेना आतच गुंडाळून ठेवलेली.