संग्रहालयातला प्रयोग वर्गात कसा आणावा

सॅन फ्रान्सिस्को येथील ‘एक्सप्लोरेटोरियम’ हे विज्ञान संग्रहालय भौतिकशास्त्रज्ञ फ्रँक ओपेनहायमर यांनी १९६९ मध्ये सुरू केले. तेथील मोठ्या मांडण्यांची टेबलावर मावतील अशी छोटी रूपे शिक्षकांच्या हातून घडली आणि ‘सायन्स स्नॅक्स’ या नावाने ती संग्रहालयाच्या संकेतस्थळावर विनामूल्य उपलब्ध आहेत. मूळ मांडणी ही पंगत मानली, तर हा मधल्या सुट्टीतला खाऊ. त्याचा उपयोग आपल्या वर्गात कसा करावा, हे येथे अंधबिंदूच्या, म्हणजे डोळ्यातील ज्या जागेवर पडलेले दृश्य दिसत नाही तिच्या, एकाच प्रयोगावरून पाहू. एकच अशासाठी, की पहिल्याच दिवशी दहा पाने उघडून बसणाऱ्याच्या हातून बहुधा एकही प्रयोग होत नाही.

संकेतस्थळावरचे पान शिक्षकाने स्वतः वाचावे. वर्गात पडद्यावर दाखवू नये. साहित्य, जुळणी आणि कृती यांच्यामागोमाग त्याच पानावर स्पष्टीकरणही असते, आणि ते आधी वाचले गेले की मुलांना करून पाहण्यासारखे काही उरत नाही. इंग्रजी मजकूर यंत्राकडून भाषांतरित करून वाटण्यापेक्षा कृती आपल्या शब्दांत चार-पाच वाक्यांत फळ्यावर लिहावी आणि संज्ञा पाठ्यपुस्तकातल्याच वापराव्यात.

पोस्टकार्डाएवढ्या कोऱ्या कार्डावर डावीकडे फुली व तिच्यापासून ८ सेंमी अंतरावर उजवीकडे ठळक टिंब काढावे. डावा डोळा झाकून, उजव्या डोळ्याने फुलीकडेच पाहत, कार्ड हातभर अंतरावरून सावकाश जवळ आणावे. साधारण ३० सेंमी अंतरावर टिंब नाहीसे होते आणि कार्ड आणखी जवळ आणल्यास पुन्हा दिसू लागते. ‘मला तर सारखेच दिसते’ असे म्हणणारी मुले प्रत्येक वर्गात निघतात. त्यांची नजर नकळत टिंबाकडे वळत असते. म्हणून मुलांना जोडीने बसवावे आणि एकाने दुसऱ्याच्या डोळ्यावर लक्ष ठेवावे. यानंतर टिंबातून आरपार जाणारी एक आडवी रेघ ओढून प्रयोग पुन्हा करावा: टिंब जाते, रेघ मात्र अखंड भासते, कारण रिकामी जागा मेंदू आजूबाजूच्या दृश्यावरून भरून काढतो. टिंब का जाते, याचे तर्क मुलांना आधी वहीत लिहू द्यावेत. डोळ्यातील चेता जेथून बाहेर पडते, तेथे दृष्टिपटलावर प्रकाशसंवेदी पेशी नसतात, हे त्यानंतर सांगावे.

वरच्या इयत्तांत येथे थांबू नये. कार्डाऐवजी कोरा कागद ३० सेंमी अंतरावर स्थिर ठेवून, त्यावरील फुलीवर नजर रोखून, जोडीदाराने पेनाचे टोक उजवीकडे सरकवत न्यावे आणि ते जेथे दिसेनासे होते व जेथे पुन्हा दिसते, तेथे खुणा कराव्यात. दोन खुणांमधील अंतर सुमारे ३ सेंमी भरते. डोळ्यातील भिंग व दृष्टिपटल यांच्यामध्ये अंदाजे २ सेंमी अंतर धरले, तर समरूप त्रिकोणांच्या आधारे अंधबिंदूची रुंदी ३ × २ ÷ ३०, म्हणजे ०.२ सेंमी येते. दहावीच्या भूमितीतील समरूपता अशी स्वतःच्या डोळ्यात सापडल्यावर वेगळी उजळणी फारशी लागत नाही.

संग्रहालयाची भेट यानंतर ठेवावी. मुंबईत वरळीचे नेहरू विज्ञान केंद्र, नागपुरात रामन विज्ञान केंद्र आणि पणजीला मिरामार येथील गोवा विज्ञान केंद्र आहे; वेळा व शालेय सवलती त्यांच्या संकेतस्थळांवर पाहून, निघण्यापूर्वी दूरध्वनीने खात्री करून घ्यावी. प्रत्येक गटाने एकच प्रश्न बरोबर न्यावा, उदाहरणार्थ, ‘येथे फसतो तो प्रकाश की आपला मेंदू?’ रांगेने सगळी दालने दाखवण्याचा मोह टाळून गटाला एका मांडणीपाशी पंधरा मिनिटे उभे राहू द्यावे. तिचे चित्र, हलणारे भाग आणि अंदाजे मापे टिपायला तेवढा वेळ लागतोच.

परतल्यावर त्याच मांडणीची छोटी प्रतिकृती टाकाऊ वस्तूंपासून करायला द्यावी. त्यासाठी टाकाऊ वस्तूंतून विज्ञानाची खेळणी घडवणारे अरविंद गुप्ता यांच्या संकेतस्थळावरील खेळण्यांच्या चित्रफिती व मराठी पुस्तके फार उपयोगी पडतात. शाळेत इंटरनेटची जोडणी बेभरवशाची असेल, तर त्या घरीच उतरवून घ्याव्यात. न चाललेली प्रतिकृतीही फेकू नये. ती कोठे अडली, हे मुलांनी चिठ्ठीवर लिहून तिच्याशेजारी ठेवावे आणि पुढच्या तुकडीने काम तेथून सुरू करावे.