वायरलेस सेटवर बोलताना या चुका टाळा

"सेट खराब आहे, आवाज तुटतो." ही तक्रार आली की सेट उघडण्याआधी बोलणाऱ्याचा अंगठा बघावा. दुरुस्तीला आलेल्या बऱ्याच सेटना काहीही झालेलं नसतं.

बटण आणि तोंड एकदमच सुरू करायची सवय सगळ्यांत वाईट. बटण दाबल्यावर सेट ट्रान्समिटवर (प्रक्षेपणावर) जातो, रिपीटर (सिग्नल उचलून पुढे पाठवणारं उंचावरचं केंद्र) उचलतो, समोरच्या सेटला टोन (आवाजासोबत जाणारी, ऐकू न येणारी ओळखखूण) जुळतो आणि मग त्याचा स्पीकर उघडतो. यात अर्धा-एक सेकंद सहज जातो. तेवढ्यात बोललेला पहिला शब्द पलीकडे पोचतच नाही.

शेवटचा शब्द खाणं तर आणखी घातक, कारण मराठीत नकार वाक्याच्या शेवटी येतो. वरच्या मजल्यावरून कुणी म्हणतो, "जिन्यानं वर येऊ नका," आणि "येऊ" म्हणतानाच बटण सोडतो. खाली ऐकू येतं, "जिन्यानं वर ये". पथक जिना चढायला लागतं. सांगणाऱ्याला खात्री असते की आपण 'नका' म्हटलं, आणि तो खरंच म्हणालेला असतो, फक्त बटण सोडल्यावर. म्हणून बटण दाबा, एक श्वास घ्या, मग बोला आणि शेवटच्या शब्दानंतर मनात 'एक' म्हणून सोडा. शिवाय नकार पुढे आणा: "थांबा. जिना बंद. खालीच थांबा." समोरच्यानं नुसतं "समजलं" म्हणून भागत नाही, निरोप जसाच्या तसा परत म्हणायला हवा. नवशिक्यांना हा वेळेचा अपव्यय वाटतो. वाटू द्या.

आकडे सुटे बोला. एकोणसाठ, एकोणसत्तर, आठ, साठ हे खरखरीत सगळे सारखेच वाटतात. "सहा, नऊ" म्हणा.

माइक तोंडापासून चार-पाच सेंटीमीटरवर, किंचित तिरका धरा. ओरडल्यानं आवाज फाटतो, लांब पोचत नाही.

आता अडकलेला माइक. गाडीतला माइक क्लिपवर न लावता सीटवर टाकला, त्यावर कुणी बसलं किंवा बॅग ठेवली की बटण दाबलेलं राहतं आणि चॅनल बंद पडतो. कंट्रोल रूम हाका मारते, "आपापले माइक तपासा." पण एका वेळी बोलणं किंवा ऐकणं यातलं एकच काम करणारा हा सेट सतत ट्रान्समिट करत असतो, त्यामुळे ज्याच्यासाठी ही हाक आहे नेमका त्यालाच ती ऐकू येत नाही! फोन करा, माणूस पाठवा, सेटवरचा लाल दिवा बघा. आपला सेट बराच वेळ विचित्र शांत वाटला तर आधी स्वतःचा माइक पाहावा. टाइमआउट (सलग बोलण्याची वेळमर्यादा) ६० सेकंदांवर ठेवलेला असेल तर सेट स्वतःच ट्रान्समिट तोडतो. लांब बोलता येत नाही म्हणून तो बंद करून घेणारे असतात. एका दमात ६० सेकंद बोलायचं असतंच कशाला?

"मला सगळ्यांचं येतं, माझं कुणाला जात नाही" असं असेल तर बहुधा रिपीटरचा टोन चुकलाय किंवा चॅनल थेटवर (रिपीटरशिवाय सेट ते सेट) राहिलाय. अँटेनाला हात लावण्याआधी हे बघा.

बटण दाबताच सेट बंद होऊन पुन्हा सुरू होतो का? दोष वीजपुरवठ्यात शोधा. ५० वॉटचा सेट ट्रान्समिटला १० अँपिअरच्या आसपास ओढतो, नुसता ऐकताना एक अँपिअरही नाही. म्हणून व्होल्टेज सेटच्या टोकाशी आणि बटण दाबून मोजायचं. बॅटरीच्या तुलनेत तिथे एक व्होल्टपेक्षा जास्त घट दिसली तर बारीक वायर, गंजलेली कॉस (वायरच्या टोकाचं धातूचं कडं) किंवा सैल फ्यूज शोधा. सिगारेट लायटरच्या सॉकेटमधून लाइन घेणं हा शॉर्टकट नव्हे, पुढच्या बिघाडाची तयारी आहे. वायर थेट बॅटरीवरून आणा, फ्यूज बॅटरीजवळ.

अँटेना न लावता बटण दाबू नका, आउटपुट ट्रान्झिस्टर जाऊ शकतो. १५० मेगाहर्ट्झला पाव तरंगलांबीची अँटेना साधारण ५० सेंटीमीटर भरते. ती छताच्या मध्यावर लावा, कारण खालचा पत्रा तिचाच अर्धा भाग असतो. एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून किती पॉवर परत येते ते दाखवणारं प्रमाण) १.५ च्या आत ठेवा. ३ झाला की चौथा हिस्सा पॉवर परत येते.

हातातला सेट गाडीत बसून वापरू नका, पत्रा सिग्नल अडवतो. बाहेरही आवाज तुटत असेल तर दोन पावलं सरका. परावर्तनानं सिग्नलमध्ये पडलेल्या खड्ड्यातून बाहेर यायला १५० मेगाहर्ट्झला अर्धा मीटरही पुरतो.