परदेशात पैसा टाकायचाय? संस्कृती आणि कायदा वेगवेगळे तपासा

परदेशात कंपनी टाकायची म्हटलं की मीटिंगमधे पहिल्यांदा मार्केट केवढं, पगार किती, टॅक्स किती हेच निघतं. ते बघाच, पण ते एक्सेलमधे दोन दिवसात होतं. खरा घोळ होतो तो तिथली माणसं कशी वागतात आणि तिथलं सरकार, कोर्ट कसं वागतं यात, आणि बरेच जण या दोन्ही गोष्टी "तिकडचं वातावरण" म्हणून एकाच पिशवीत कोंबतात.

स्पेनचं बघा. लॅटिन अमेरिकेच्या बऱ्याच देशांशी भाषा एक, धर्म एक, तेही शेकडो वर्षं. पण टेलिफोनिका (टेलिफोन), रेप्सोल (तेल) वगैरे स्पॅनिश कंपन्यांचा मोठा पैसा तिकडे गेला 1990 च्या दशकात, कारण तेव्हा तिथल्या सरकारांनी टेलिफोन, तेल अशा सरकारी कंपन्या विकायला काढल्या. म्हणजे भाषा आधीपासून होतीच, दार नंतर उघडलं. पुढची गंमत अशी की रेप्सोलने 1999 मधे अर्जेंटिनाची तेल कंपनी वायपीएफ घेतली, 2012 मधे तिथल्या सरकारने वायपीएफचे 51 टक्के शेअर ताब्यात घेतले आणि भरपाई ठरायला 2014 उजाडलं, ती पण सुमारे 5 अब्ज डॉलरची, बाँडमधे. भाषा एक असून काय उपयोग झाला?

म्हणून आधी नियमांची बाजू बघा. करार मोडला तर निकाल किती वर्षांत लागतो, नफा बाहेर नेता येतो का, सरकार बदललं की जुने परवाने टिकतात का. देश 1958 च्या न्यूयॉर्क कन्व्हेन्शनमधे आहे का ते बघा, म्हणजे दुसऱ्या देशात झालेला लवादाचा निकाल तिथलं कोर्ट सहसा मानतं, आणि तुमच्या देशाशी त्याचा गुंतवणूक करार आहे का तेही. रँकिंगवर फार विसंबू नका. कुठल्या देशात धंदा करणं किती सोपं याचं वर्ल्ड बँकेचं रँकिंग, डूइंग बिझनेस, सगळे डोळे झाकून वापरायचे, आकड्यांत गडबड निघाली आणि 2021 मधे ते बंदच केलं. त्यापेक्षा तिथे खरोखर केस लढलेला वकील गाठा, तासाभरात जास्त कळतं.

आता कायदा पक्का असला म्हणजे झालं असंही नाही हां. अमेरिकेची दुकानांची साखळी वॉलमार्ट 1997 मधे जर्मनीत गेली, 2006 मधे गाशा गुंडाळला. तोट्यात माल विकून गिऱ्हाईक ओढायला गेले तर 2000 मधे तिथल्या कार्टेल ऑफिसने (बाजारातली स्पर्धा सांभाळणारं सरकारी खातं) अडवलं, स्टाफच्या आपसातल्या प्रेमप्रकरणांवर नियम लावले तर 2005 मधे लेबर कोर्टाने ते उडवले. याला संस्कृती म्हणायचं की कायदा? माझ्या मते दोन्ही, कारण कामगाराच्या खासगी आयुष्यात मालकाने नाक खुपसू नये हे लोकांना आधी पटलेलं असतं, मग ते कायद्यात येतं. त्यामुळे लेबर लॉ वाचताना हा नियम कोणाला का हवा होता ते विचारत जा.

देशोदेशीच्या संस्कृतीला आकड्यांत मोजणारे स्कोर मिळतात, हॉफस्टेड या संशोधकाचे सगळ्यात फेमस, पण त्यांचा पाया म्हणजे 1970 च्या आसपासचा एकट्या आयबीएमच्या स्टाफचा सर्व्हे. प्रश्न काढायला ठीक, देश निवडायला नाही. संस्कृती जास्त उपयोगी पडते ती कसं घुसायचं हे ठरवताना. 1988 मधे कोगट आणि सिंग या संशोधकांनी अमेरिकेत आलेल्या परदेशी कंपन्या तपासल्या, तर संस्कृती जितकी लांबची तितकी आयती कंपनी विकत घेण्यापेक्षा पार्टनर घेण्याकडे कल जास्त दिसला. बरोबरच आहे, विकत घेतली की तिथल्या माणसांच्या सवयी पण पदरात पडतात.

पण कोर्ट ढिलं असलेल्या देशात पार्टनर हीच सगळ्यात मोठी रिस्क असते, तेव्हा वेगळं व्हायचं झालं तर शेअर कोण कुठल्या भावाने घेणार आणि भांडण कुठल्या तिसऱ्या देशात सोडवणार हे पहिला हप्ता पाठवायच्या आधी लिहून घ्या.